शिष्यवृत्ती मिळण्याआधीचे पैसे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातला परदेशी शिक्षणाच्या खर्चावरचा लेख वाचला. लेख चांगला होता. चाळीस लाख, साठ लाख, असे फीचे आकडे त्यात दिले होते. तो अंक दिवसभर माझ्या दुकानाच्या काउंटरवर पडून होता. दुपारी एक दुधाचा धंदा करणारे गृहस्थ मुलाच्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आले. मशीन तापेपर्यंत त्यांनी लेखावरून नजर फिरवली, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "हे आपल्यासाठी नाही." मुलगा शेजारीच उभा होता. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणितात हुशार आहे. तो काही बोलला नाही. मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर कापा, पण मधला पैशांचा हिशोब तेवढा छापा.

अंबाजोगाईला तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. मी स्वतः बारावी. माझी थोरली मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी अॅग्री झाली आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन मृदाशास्त्रात एमएस्सी करून आली. फीचे लाखो रुपये सरकारने परस्पर विद्यापीठाला भरले. आमच्या घरात एवढे पैसे कधी आलेच नव्हते, त्यामुळे ते गेल्याचंही कळलं नाही. आम्हाला घाम फोडला तो त्याच्या आधीच्या पैशांनी. हजारांतल्या पैशांनी. त्या पैशांबद्दल कुठल्याच लेखात काही लिहून येत नाही आणि माझ्या डोळ्यांदेखत पोरं तिथेच गळतात.

आधी आमचं पहिलं वर्ष कसं वाया गेलं ते सांगतो, कारण त्यात बरीच घरं फसतात.

२०२२ मध्ये मुलगी पदवीधर झाली. परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या शहरातल्या एका कन्सल्टन्सीची जाहिरात बघून आम्ही दोघं बापलेक तिथे गेलो. काचेचं ऑफिस, भिंतीवर झेंडे, कॉफी दिली. त्यांनी नोंदणी म्हणून पैसे घेतले आणि तीन विद्यापीठांत अर्ज टाकले. दोन महिन्यांनी फोन आला, "अभिनंदन, मुलीला स्कॉलरशिप मिळाली." मी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. बायकोने माहेरी कळवलं. मग पत्र हातात आलं. स्कॉलरशिप होती दोन हजार पौंडांची, म्हणजे फी सोळा हजार पौंड, त्यातून दोन हजार वजा, उरलेले चौदा हजार तुम्ही भरा. ती फीमधली सूट होती. त्या विद्यापीठात परदेशी मुलांना बहुतेक सरसकट मिळणारी. तिला शिष्यवृत्ती म्हणायची पद्धत आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याहून वाईट पुढे होतं. सरकारी शिष्यवृत्तीला अर्ज करावा म्हणून मी नियम काढले, तर त्यात विद्यापीठांच्या क्यूएस नावाच्या जागतिक क्रमवारीची अट. केंद्राच्या योजनेला पहिल्या पाचशेत विद्यापीठ हवं, राज्याच्या राजर्षी शाहू महाराज योजनेला त्याहूनही वरचं. आमची तिन्ही विद्यापीठं त्या यादीत कुठेच नव्हती. कन्सल्टन्सीवाल्याला विचारलं तर म्हणाला, तुम्ही कर्ज काढणार असं आम्ही धरून चाललो होतो. नंतर कळलं की अशा संस्थांना विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं आणि ज्यांच्याशी करार, त्यांच्याकडेच ते पोरांना पाठवतात. तो धंदा आहे, कायदेशीरही असेल. पण ज्या घराला शिष्यवृत्तीशिवाय जाताच येणार नाही, त्या घराने विद्यापीठ आधी आणि शिष्यवृत्ती मागून शोधायची नसते. आधी शिष्यवृत्तीचे नियम वाचायचे आणि त्या नियमांत बसेल असंच विद्यापीठ निवडायचं. एवढं एक वाक्य आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मुलीचं वर्ष वाचलं असतं.

त्या वर्षी ती घरी होती. दुकानात माझ्या शेजारी बसायची, पोरांचे फॉर्म भरायची. लग्नाचं विचारायला लोक यायला लागले होते. ती काही बोलायची नाही, पण दुपारी जेवायला घरी जायची टाळायची.

दुसऱ्या खेपेला आम्ही सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःच केलं. तिने एक शंभरपानी वही केली. डाव्या पानावर काय लागतं ते आणि उजव्या पानावर पैसे किती गेले ते. ती वही आजही दुकानात आहे. तिच्यातलेच आकडे देतो.

पासपोर्ट, पंधराशे. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, २०२३ साली सतरा हजारांच्या घरात, आणि ही परीक्षा दोनच वर्षं चालते, मग पुन्हा द्या. परीक्षेसाठी पुण्याला दोघांचं जाणं-येणं, एक रात्र लॉज. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत पत्रकासाठी, परभणीच्या तीन फेऱ्या. अर्जाला मात्र काही लागलं नाही, कारण इंग्लंडातल्या बऱ्याच विद्यापीठांत एमएस्सीच्या अर्जाला फी नसते. (अमेरिकेला जाणाऱ्यांना प्रत्येक अर्जामागे पाच-सात हजार मोजावे लागतात, शिवाय काही ठिकाणी जीआरई नावाची प्रवेशपरीक्षा. जर्मनीला जाणाऱ्याला कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस नावाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे अठरा हजार.) प्रवेशाचं पत्र हातात येईपर्यंत आमचे तीस हजारांच्या वर गेले होते. तोवर शिष्यवृत्तीचा अर्जसुद्धा भरलेला नव्हता. मिळेल की नाही काही ठाऊक नाही आणि तीस हजार गेलेले. ज्या घरात महिन्याला बारा-पंधरा हजार येतात, तिथे हा जुगार कोण खेळू देईल? आईबाप हुशार पोराला इथेच थांबवतात आणि मी त्यांना दोष देत नाही.

आयईएलटीएसची फी माझ्या बायकोने बचत गटातून उचलली. गटाच्या बैठकीत तिने कारण सांगितलं तेव्हा एका बाईने विचारलं, "परीक्षेला सतरा हजार? पास झाली नाही तर?" बायको म्हणाली, "तर मी फेडीन." तिने शिवणकामातून फेडले, अकरा महिने.

निवड झाल्यावरचा दुसरा धक्का मोठा होता. २०२४ च्या उन्हाळ्यात निवडीचं कळलं. आनंद झाला, आणि चौथ्या दिवशी व्हिसाचा फॉर्म उघडला. व्हिसाची फी तेव्हा ४९० पौंड. त्याच्या जोडीला इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांसाठीचा अधिभार, वर्षाला ७७६ पौंड, आणि एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो म्हणून दीड वर्षाचा धरून ११६४ पौंड. दोन्ही मिळून रुपयांत पावणेदोन लाखांच्या वर. हे एका बैठकीत, एका कार्डावरून ऑनलाइन भरायचं. शिवाय क्षयरोगाची तपासणी, ती ब्रिटिश सरकारने ठरवून दिलेल्या दवाखान्यातच, त्यासाठी मुंबई. विमानाचं तिकीट शिष्यवृत्तीत बसतं. व्हिसाचा खर्चही पुढे बिलं दिल्यावर मिळतो. पण आधी भरावाच लागतो, आणि 'नंतर मिळेल' हे ज्याच्याकडे आज आहे त्यालाच परवडतं.

बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. कमी पडले ते आमच्या वस्तीतल्या भीमजयंती मंडळाने दिले. त्याची गोष्ट सांगायलाच हवी. त्या वर्षी १४ एप्रिलला डीजे आणायचा की नाही यावर मंडळात वाद होता. वर्गणी चांगली जमली होती. एका पोराने सांगितलं की डीजे एका रात्रीचा, त्यापेक्षा शिल्लक ठेवू, कुणाच्या तरी शिक्षणाला लागेल. मिरवणूक ढोल-लेझीमवर निघाली. जुलैत मी व्हिसाच्या पैशांसाठी वणवण करत होतो तेव्हा तीच पोरं दुकानात आली आणि एकवीस हजार टेबलावर ठेवले. पावती बुकातली पावतीही मागितली नाही. मी ते परत केले आहेत, पण ते त्या दिवशी आले नसते तर आठवडा गेला असता आणि व्हिसाची तारीख हुकली असती.

आता कागदपत्रांबद्दल, कारण तो माझा रोजचा विषय आहे.

आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर नाव आडनावाने सुरू होतं. आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, स्वतःचं नाव वेगळ्या रकान्यात. पोरं फॉर्म भरताना मार्कशीट समोर ठेवून जसंच्या तसं उतरवतात आणि 'फर्स्ट नेम'च्या रकान्यात आडनाव जातं. मग आयईएलटीएसवर एक नाव, प्रवेशाच्या पत्रावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं. माझ्या मुलीच्या नावात इंग्रजीत मार्कशीटवर दोन ई आहेत, आधारवर एकच आय होता. शाळेत कुणी लक्ष दिलं नाही, आम्हालाही गरज वाटली नाही. आधार दुरुस्त करून, मग पासपोर्ट, अशी उलटी चढण चढायला दोन महिने गेले. काहींना तर राजपत्रात नाव छापून आणावं लागतं. हे काम अकरावीतच करून ठेवता येतं. त्याला ना हुशारी लागते ना पैसा. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरताना प्रत्येक पोराचं आधार समोर ठेवून स्पेलिंग मिळवलं तर पुढच्या आयुष्यातले शंभर हेलपाटे वाचतील.

दुसरी गोष्ट लॅमिनेशनची. माझ्या स्वतःच्या दुकानात लॅमिनेशनचं मशीन आहे आणि तरी सांगतो, मूळ मार्कशीट, टीसी आणि जातीचा दाखला लॅमिनेट करू नका. मूळ कागदावर शिक्का मारायची वेळ आली की प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. गेल्या वर्षी एक आई मुलाची पदवी घेऊन आली होती, कडक प्लॅस्टिकात. ते काढायचा प्रयत्न केला तर वरची शाई उचलली जात होती. तिने दोन्ही हातांनी ती पदवी धरून ठेवली होती, मी ती ओढू नये म्हणून. नवीन प्रत काढायला सांगून तिला परत पाठवलं. तेव्हापासून पदवी लॅमिनेट करायला कुणी आलं की मी नाही म्हणतो आणि प्लॅस्टिकचं साधं पाकीट देतो.

तिसरी गोष्ट उत्पन्नाच्या दाखल्याची. तहसीलचा दाखला ३१ मार्चला संपतो. केंद्राच्या शिष्यवृत्तीचे अर्ज फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला असतात. म्हणजे पोरगा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दाखला काढायला येतो तेव्हा कचेरीत वर्षअखेरीची गर्दी, सर्व्हर चालत नाही, आणि दाखला मिळेपर्यंत मुदत गेलेली. जानेवारीत काढा. माझ्या दुकानाबाहेर मी तसा बोर्डच लावला आहे.

आता कुठे कुठे पैसे आहेत, ते थोडक्यात. त्या दूधवाल्या गृहस्थांनी हे वाचावं म्हणून लिहितो.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज योजना आहे, वर्षाला ७५ जागा. मराठा, कुणबी समाजासाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची योजना आहे, तिच्याही ७५. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठीही राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींच्या, सहा भटक्या-विमुक्तांच्या आणि चार भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या. भूमिहीन मजुराच्या पोराला अशी योजना आहे हे आमच्या तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती घरांना माहीत असेल? देशभरात चार जागा, हे फारच थोडं आहे. पण अर्जच गेले नाहीत तर वाढवा म्हणायला तोंड तरी कुठून येणार?

तिथे एक अडचण आहे ती सरकारने सोडवायला हवी. केंद्राच्या योजनेला प्रवेशाचं पत्र 'अनकंडिशनल' लागतं, म्हणजे विद्यापीठाने कुठलीही अट न ठेवता दिलेलं. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला मार्चमध्ये असं पत्र मिळणं जवळजवळ अशक्य, कारण त्याचा निकालच जूनमध्ये लागतो. माझ्या मुलीला मिळालं ते तिचं एक वर्ष आधीच वाया गेलं होतं म्हणून. निकालाच्या अटीवर तात्पुरती निवड आणि निकालानंतर पक्की, एवढा बदल केला तरी कितीतरी मुलांचं वर्ष वाचेल.

जातीची, प्रांताची अट नसलेल्या शिष्यवृत्त्याही आहेत. युरोपची इरॅस्मस मुंडस महिन्याला १४०० युरो देते, फीसुद्धा तीच भरते, आणि दोन-तीन देशांत शिकायला मिळतं. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत. ब्रिटनची चेव्हनिंग एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीसाठी आहे, तिला २८०० तास कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूला तीन वर्षांचा अनुभव. म्हणजे दोन-तीन वर्षं नोकरी केलेल्या पोराने 'आपलं वय गेलं' असं समजू नये, त्याच्यासाठीच ही दारं आहेत. जर्मनीत बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठासारखी काही सोडली तर सरकारी विद्यापीठांत फी नाही. पण वर्षाच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात, हे फी नाही म्हणून सांगणारे बऱ्याचदा सांगत नाहीत.

आणि जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, म्हणजे नंतर फेडायची. तिच्या पहिल्या दोन मानकरी स्त्रिया होत्या आणि दोघी डॉक्टर. त्यांतल्या एक आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. पुढे जयंत नारळीकरही तिच्याच मदतीने केंब्रिजला गेले. मी हे माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईला सांगतो. सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूरची मुलगी गेली, तर आज अंबाजोगाईची का नको?

बँकेच्या कर्जाचं मी फार सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. एवढंच, की साडेसात लाखांच्या पुढे बँक बहुतेक वेळा तारण मागते आणि शेतीचा सातबारा तारण म्हणून सहसा चालत नाही. गावठाणातलं घरही बहुतेक बँका घेत नाहीत. शेतकऱ्याकडे असतं ते हेच दोन. मग तो बारा-तेरा टक्क्यांच्या खाजगी कर्जाकडे वळतो. अल्पसंख्याक मुलांच्या अशा कर्जावर व्याजाची सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना होती, तीही २०२२-२३ पासून बंद झाली. माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या एका मुलीला ते सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

एक गोष्ट मनात सलते ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथेच ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी पाठवणाऱ्या केंद्राच्या योजनेत २०२२ साली असा नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज यांवरच्या अभ्यासासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. माझी मुलगी मातीचा अभ्यास करणारी, तिला त्याची झळ बसली नाही. पण माझ्या दुकानात येणारा एखादा पोरगा उद्या म्हणाला की मला कोलंबियात जाऊन बाबासाहेबांसारखाच जातीचा अभ्यास करायचा आहे, तर त्याला मी काय सांगू? हा नियम मागे घेतला पाहिजे. आपल्या वृत्तपत्राने त्यावर अग्रलेख लिहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता माझं खरं मागणं.

मोठ्या शिष्यवृत्त्या सरकारच देऊ शकतं. त्याआधीचे तीस-चाळीस हजार मात्र गावाला उभे करता येतात. आमच्या तालुक्यात पतसंस्था आहेत, गणेश मंडळं आहेत, जयंती मंडळं आहेत, महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघटना आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी पाच मुलांसाठी आयईएलटीएस, पासपोर्ट आणि ट्रान्सक्रिप्टचा खर्च उचलायचा ठरवला तर दीड-दोन लाखांत काम होतं. एका गॅदरिंगचा खर्च त्याहून जास्त असेल. निवड झालेल्या मुलांना व्हिसाचे पैसे पतसंस्थेने निवडपत्रावर बिनव्याजी द्यावेत, बिलं मंजूर झाली की मूल परत करील. आमच्या मुलीने केलं. सरकारनेही निवडपत्राबरोबरच व्हिसाची रक्कम आगाऊ द्यावी, मग पाटल्या मोडायची किंवा तारण ठेवायची वेळ कुणावर येणार नाही.

आणि वेळ. शिष्यवृत्तीचं वर्ष आपल्या शाळेच्या वर्षासारखं जूनला सुरू होत नाही. पुढच्या सप्टेंबरला जायचं असेल तर आदल्या ऑगस्टला सुरुवात, म्हणजे तेरा महिने आधी. त्याआधी नाव दुरुस्ती आणि पासपोर्ट. म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षात कळायला हवं. माझ्याकडे पोरं येतात ती मे-जूनमध्ये, बारावीनंतर कॉलेजच्या प्रवेशाला यावं तशी, आणि मला त्यांना सांगावं लागतं की बाबा, या वर्षीचं सगळं झालं. फार जिवावर येतं.

आपण पानभर राशिभविष्य छापता, लग्नाच्या मुहूर्तांचा तक्ता छापता. लोक तो कापून भिंतीला लावतात. तसाच महिन्याच्या पहिल्या रविवारी शिष्यवृत्त्यांचा छोटा तक्ता छापावा: या महिन्यात कोणते अर्ज सुरू, शेवटची तारीख काय, कोणते कागद आत्ताच काढून ठेवायचे. मुलगी दर महिन्याला तारखा बघून तपासून द्यायला तयार आहे, मानधन नको. यंदाच्या ऑगस्ट ते पुढच्या जुलैपर्यंतचा एक नमुना तिच्या वहीवरून उतरवून सोबत जोडला आहे. दोन कॉलमात बसेल. त्यात जानेवारीच्या खाली उत्पन्नाचा दाखला आणि अगदी वर, ऑगस्टच्याही आधी, नावाचं स्पेलिंग असं ठळक लिहिलं आहे; जागा कमी पडली तरी त्या दोन ओळी काढू नयेत.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार,
अंबाजोगाई, जि. बीड

(मुलीच्या नोकरीचं पाहणं चालू आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)